बोहारीण, शिरगोळा आणि अ‍ॅलन गार्नर

पाचोळा (धागाकर्ता)

आमच्या चाळीत बोहारीण यायची ती भर दुपारी, पुरुषमाणसं कामावर असताना. डोक्यावर पाटी, पाटीत स्टीलची भांडी, हातावर जुन्या पातळांची चळत. एका डब्यापायी आई आणि ती तासभर घासाघीस करायच्या. शेवटी बाबांची एक चांगली पँट जायचीच, आणि ती गेल्याचं बाबांना दिवाळीत कळायचं.

हे आठवलं कारण गेल्या महिन्यात 'ट्रीकल वॉकर' वाचलं. लेखक अ‍ॅलन गार्नर. पुस्तक २०२१ चं, जेमतेम दीडशे पानांचं. जो कॉपक नावाचा एकटाच राहणारा मुलगा. त्याचा एक डोळा आळशी, म्हणून चांगल्या डोळ्यावर पट्टी. एक दिवस अंगणातून हाळी येते: चिंध्या द्या, भांडी घ्या! मी तिथेच पुस्तक मिटलं आणि हसलो. इंग्लंडातला बोहारी! तोच ट्रीकल वॉकर. जो कॉपक त्याला एक जुना पायजमा आणि कोकराच्या खांद्याचं हाड देतो. बदल्यात मिळतं एक जुनं भांडं आणि 'डाँकी स्टोन'. हा दगड पूर्वी तिकडच्या कामगार वस्त्यांतल्या बायका पायरी घासून तिला पांढरी कड काढायला वापरत. म्हणजे आपला शिरगोळाच की. पुढे पुस्तकात उंबरठ्याला केवढं महत्त्व येतं ते सांगत नाही, वाचा.

'ट्रीकल' म्हणजे काकवी. पण जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ औषध, विषावरचा उतारा. म्हणजे ट्रीकल वॉकर हा काकवीवाला नव्हे, गावोगाव फिरणारा वैदू.

मग या माणसाचं मिळेल ते वाचत सुटलो. जन्म १७ ऑक्टोबर १९३४, चेशर परगण्यातल्या काँगलटनचा. वाढला जवळच्याच ऑल्डर्ली एज या गावी. 'एज' म्हणजे गावावरचा वालुकाश्माचा कडा. कड्यावर झाडी, पोटात तांब्याच्या जुन्या खाणी. घराणं पिढ्यान्पिढ्या तिथलंच, आणि सगळे हाताने काम करणारे: पाथरवट, लोहार, विणकर. लहानपणी त्याला डिप्थीरिया, मेनिंजायटिस आणि न्यूमोनिया असे तीन जीवघेणे आजार झाले. महिनोन्महिने अंथरुणात पडून छताकडे बघत राहायचं. त्या छताच्या भेगांत आणि डागांत त्याने आख्खा मुलूख वसवला होता. जो कॉपकही घरात एकटा, आजारी वाटावा असाच आहे, हे लक्षात येऊन मला जरा गलबललं.

आजोबा जोसेफ लोहार. त्यांनी सांगितलेली गोष्ट अशी. मॉबर्ली गावचा एक शेतकरी पांढरीशुभ्र घोडी विकायला मॅकल्सफील्डच्या बाजाराला निघाला. कड्यावर एका म्हाताऱ्याने अडवलं, घोडी मागितली. हा नाही म्हणाला. म्हातारा म्हणाला, जा, बाजारात कुणी घेणार नाही. तसंच झालं. परतताना म्हातारा पुन्हा उभा. त्याने काठी आपटली, खडक दुभंगला, लोखंडी दारं दिसली. आत १४० शूर योद्धे झोपलेले, प्रत्येकाशेजारी एक पांढरा घोडा. एकाचा मात्र कमी. देशावर शेवटचं संकट येईल तेव्हा ते उठणार. शेतकऱ्याने घोडी दिली, खजिन्यातून मोल घेतलं, बाहेर आला. ती दारं पुन्हा कुणाला सापडली नाहीत.

ही गोष्ट १८०५ सालीच मँचेस्टरच्या एका वृत्तपत्रात छापून आली होती. पण गार्नरकडे ती छापील कागदातून आली नाही, आणि माझ्या मते सगळा फरक इथेच पडतो. कड्यावर एक झरा आहे, त्यावरच्या खडकात दाढीवाल्या मांत्रिकाचा चेहरा कोरलाय. खाली ओळी आहेत, साधारण अर्थ असा की पोटभर पी, हे पाणी मांत्रिकाच्या मर्जीने पडतं. तो चेहरा कोरणारा रॉबर्ट गार्नर हा याचा खापरपणजोबा. लोककथेवरून 'प्रेरणा घेतली' म्हणणारे लेखक ढिगाने आहेत. यांच्या घराण्याने लोककथेला नाक-डोळे कोरून दिलेत!

ऑक्सफर्डला अभिजात भाषा शिकायला गेला आणि पदवी न घेता परतला. सप्टेंबर १९५६ मध्ये लिहायला बसला, १९६० मध्ये 'द वीअर्डस्टोन ऑफ ब्रिसिंगमेन' आलं. कॉलिन आणि सूझन ही दोन मुलं, सूझनच्या हातातल्या कड्यातला खडा, आणि त्या झोपलेल्या योद्ध्यांचा राखणदार मांत्रिक. पुढचा भाग १९६३ चा. मग 'एलिडोर' १९६५, 'द आउल सर्व्हिस' १९६७, 'रेड शिफ्ट' १९७३.

कुणी वाचलंय का? मला 'रेड शिफ्ट' निम्मंच कळलंय, हे आधीच कबूल करतो.

खवचट_खारीक

छान धागा, पण नव्वदी पाहिलेल्या माणसाला 'बसला', 'परतला'? जरा आदर ठेवा हो.

असो. माझा अनुभव उलटा आहे. मुलीला (वय ११) 'आउल सर्व्हिस' मोठ्या कौतुकाने आणून दिलं. तीस पानांत परत. "बाबा, हे लोक नुसतंच बोलतात, कोण बोलतंय तेच कळत नाही." मी वाचलं, मलाही कळलं नाही. पारितोषिकं देणारी मंडळी मोठी माणसं असतात, त्यामुळे मुलांच्या पुस्तकांचं हे असं होतं.

निळी_शाई

खारीक, 'आउल सर्व्हिस'ला त्या वर्षीचं कार्नेगी पदक (मुलांच्या पुस्तकांसाठीचा ब्रिटिश पुरस्कार) आणि पाठोपाठ गार्डियनचं पारितोषिक मिळालं हे खरं, पण अकराव्या वर्षी नका देऊ. पंधरा-सोळा. आणि मुळातली वेल्श कथा माहीत नसेल तर अर्धी मजा जाते, म्हणून थोडक्यात सांगते.

मॅबिनोगी म्हणजे मध्ययुगीन वेल्श कथांचा संग्रह, त्याची चौथी शाखा. लेउ नावाच्या तरुणाला आईचा शाप असतो की मानवकुळातली बायको तुला मिळणार नाही. मग दोन जादूगार ओकची फुलं, ब्रूमची फुलं आणि मेडोस्वीटची फुलं घेऊन त्यांची एक स्त्री बनवतात. ब्लॉडाइवेद. (वेल्शमधला तो शेवटचा उच्चार देवनागरीत बसत नाही, आणि 'लेउ'चा तर सोडूनच द्या.) तिचं मन जडतं दुसऱ्यावर, ग्रोनूवर. दोघं मिळून लेउला मारायला बघतात. लेउ गरुड होऊन उडून जातो, पुन्हा माणसात येतो आणि ग्रोनूला भाल्याने मारतो, आड धरलेल्या शिळेतून आरपार. ब्लॉडाइवेदला शिक्षा म्हणून घुबड करतात.

तू कुणाची बायको होणार, हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. फुलांना विचारतात का कधी? मला अहल्या आठवली.

गार्नर काय करतात, तर विसाव्या शतकातल्या एका वेल्श खोऱ्यात तीन पोरांवर हीच गोष्ट परत येऊन बसते. माळ्यावर ताटांचा एक संच सापडतो. त्यावरची नक्षी बघाल तर फुलं, नीट जुळवाल तर घुबडं. मुलगी नक्षी कागदावर उतरवून घड्या घालते, घुबडं बनवते, आणि ताटं कोरी होत जातात. अशी ताटं खरोखरच होती. त्यांच्या पत्नी ग्रिझेल्डा यांच्या माहेरच्या घरात होती ती, आणि त्या नक्षीत घुबड पहिल्यांदा दिसलं तेही ग्रिझेल्डांना.

आणखी एक. या पुस्तकासाठी गार्नर वेल्श शिकले. कशाला, तर ती पुस्तकात वापरायची नाही म्हणून! पात्रं बोलतात इंग्रजीच, पण त्या इंग्रजीखाली वेल्श वाहते.

पाचोळा

निळी_शाई, वाचनखूण साठवली. आणि खारीक, आदरार्थी बहुवचन मान्य, पण मला लेखक 'तो'च वाटतो, जसा सचिन. पुढे जाऊ.

ओली_वाट

मी गेली नऊ वर्षं मँचेस्टरच्या दक्षिणेला राहतो, त्यामुळे हा धागा माझ्या परसातला. ऑल्डर्ली एजला पिकॅडिली स्टेशनहून लोकल जाते, अर्ध्या-पाऊण तासाचं काम. गाव आता फुटबॉलपटूंच्या बंगल्यांचं झालंय. पण कडा नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे, आणि गाडी लावून पाच मिनिटं आत गेलात की शांत. माती तांबडी. पावसानंतर तर थेट आंबोलीच, फक्त थंडी जास्त. झऱ्यावरचा तो चेहरा शोधावा लागतो, शेवाळ चढलेलं असतं. पहिल्या खेपेला मी समोरून दोनदा गेलो आणि दिसलाच नाही. मुलाने दाखवला.

खाणींबद्दल एक किस्सा सांगतो, गार्नरचा सगळा स्वभाव यात आला. १८७५ च्या सुमारास खाणीत एक लाकडी फावडं सापडलं होतं. ते कसंबसं गावच्या शाळेत येऊन भिंतीवर टांगलं गेलं. गार्नर त्याच शाळेत शिकला, रोज ते बघायचा. १९५३ मध्ये त्याला कळलं की याचं चित्र एका जुन्या लेखात आहे. तो शाळेत जाऊन ते मागून घेऊन आला. जाणकारांना दाखवलं तर त्यांनी वाटेला लावलं, कुठल्या तरी पोराचं खेळण्यातलं फावडं म्हणून. याने जपून ठेवलं. १९९१ मध्ये मँचेस्टर म्युझियमला दिलं, कार्बन काल काढला, आणि निघालं सुमारे ३७०० वर्षांपूर्वीचं. कांस्ययुगातलं! जवळपास चार दशकं एक माणूस 'हे जुनं आहे' म्हणत एक लाकडाचा तुकडा सांभाळून बसतो. त्याची पुस्तकंही मला तशीच वाटतात.

घराचंही तेच. १९५७ मध्ये ब्लॅकडेन इथे एक मध्ययुगीन घर घेतलं, नाव 'टोड हॉल'. बेडकाशी काही संबंध नाही, 'जुना वाडा'चा तिकडच्या बोलीतला उच्चार 'टाउड हॉल', त्याचा झाला टोड. त्याच वर्षी शेजारी जॉड्रेल बँक वेधशाळेची ७६ मीटर व्यासाची रेडिओ दुर्बीण सुरू झाली. अंगणात उभं राहिलं की एकीकडे ओकच्या तुळया, दुसरीकडे आकाशाकडे कान लावलेली ती परात. पुढे पाडायला काढलेलं एक जुनं घर त्याने दुसऱ्या गावाहून तुळई-तुळई सुटी करून आणलं आणि शेजारी पुन्हा उभारलं.

अवांतर: शाळेत असताना हा उत्तम धावायचा. १९५१-५२ च्या सुमारास गावच्या रस्त्यांवर एका मोठ्या माणसाबरोबर सराव करायचा, तो म्हणजे संगणकशास्त्राचा पाया घालणारा गणितज्ञ अ‍ॅलन ट्युरिंग. 'स्नो व्हाइट' सिनेमातल्या विषारी सफरचंदवाल्या राणीची चेटकीण होताना दोघंही घाबरले होते, आणि धावताना त्यावर बोलायचे. १९५४ मध्ये ट्युरिंग गेला तेव्हा पलंगाशेजारी अर्धवट खाल्लेलं सफरचंद होतं. पुढे लिहीत नाही.

तिरफळ

ओली_वाट, फावड्याचा किस्सा वाचून अंगावर काटा आला.

त्या लोखंडी दारांवरून आठवलं. आमच्या गावात (वेंगुर्ल्याच्या वर) तळ्याची गोष्ट सांगतात, कोकणात बऱ्याच गावी सांगतात. लग्नकार्य असलं की तळ्याकाठी सुपारी ठेवून मागणं घालायचं, सकाळी काठावर हवी तेवढी भांडी. कार्य झालं की घासून परत ठेवायची. कुणी तरी एक वाटी ठेवून घेतली, तेव्हापासून बंद. आमच्या आजीला ते घरही माहीत होतं, वाटी ठेवून घेणाऱ्यांचं! नाव विचारलं की म्हणायची, "थंय जाव नको, राखणदार आसा," आणि विषय बदलायची. गोष्ट एवढी जवळची असते की त्यातले चोर आपल्या भावकीतले निघतात. गार्नरचा शेतकरीही कुण्या एका देशीचा नाही, तो मॉबर्लीचा आहे. आटपाट नगरातला नाही.

म्हणूनच मला एक शंका आहे. 'वीअर्डस्टोन' मी वाचलंय. जागा सगळ्या खऱ्या, नकाशासकट, पण मध्येच नॉर्स नावं, मध्येच आयरिश चेटकीण. आमच्या तळ्यात कुणी ग्रीक जलपरी आणून सोडल्यासारखं वाटलं.

निळी_शाई

तिरफळ, लेखकही तुमच्याच बाजूचा आहे. त्याने स्वतःच्या पहिल्या पुस्तकाला नंतर भरपूर नावं ठेवली. पण तिसऱ्या पुस्तकात हात बसलाय. 'एलिडोर'मध्ये चार भावंडं मँचेस्टरच्या पाडकाम चाललेल्या गल्लीतून दुसऱ्या जगात जातात आणि तिथल्या चार दिव्य वस्तू जपायला घरी आणतात. इथे आल्यावर त्या वस्तू म्हणजे भंगार: गजाचा तुकडा, लाकडाच्या फळ्या, दगड, तडकलेला कप. पण घरातला टीव्ही खरखरतो, दाढीचं मशीन प्लग न लावता सुरू होतं. मांत्रिकाच्या तेजापेक्षा ते आपोआप घुरघुरणारं मशीन जास्त भीतिदायक आहे.

खवचट_खारीक

हे मशीनचं आवडलं. तरी मुद्दा राहतोच. हा मुलांचा लेखक आहे का नाही? 'रेड शिफ्ट' चाळलं. तीन काळ, एकाच जागी तीन जोड्या, रोमन सैनिक, इंग्लंडमधल्या यादवीतली १६४३ ची कत्तल, नुसते संवाद, आणि शेवटी सांकेतिक लिपीत पत्र! मुलांनी ते सोडवायचं?

पाचोळा

मी सोडवलं नाही. पण माझ्या भाच्याने एका शनिवारी सोडवलं आणि दोन दिवस कुणाशी बोलला नाही. वय सतरा.

गार्नर स्वतः आपण मुलांसाठी लिहितो असं मानतच नाही. प्रकाशकांनी पहिली पुस्तकं त्या कपाटात ठेवली, पुढची तिथेच जात राहिली.

माळरान

मोबाईलवरून टंकतोय, चुभूद्याघ्या.

मी यातलं एकच वाचलंय, 'द स्टोन बुक क्वार्टेट'. चार छोट्या गोष्टी, १९७६ ते ७८ मध्ये आलेल्या. जादू अजिबात नाही. गार्नर घराण्याच्याच पिढ्या, प्रत्येक गोष्टीत एक मूल आणि एक दिवस. पहिलीत मेरी बापाचं जेवण घेऊन चर्चच्या नव्या शिखरावर चढते. बाप पाथरवट, तो तिला वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कोंबड्यावर बसवून फिरवतो. तिला वाचता येत नाही, पण तिला पुस्तक हवंय. बाप तिला कड्याखालच्या खाणीत नेतो, एका फटीतून एकटीला पुढे पाठवतो. तिथे तिला काय दिसतं ते सांगत नाही. घरी आल्यावर तो तिला दगडाचं पुस्तक घडवून देतो. त्यात एका नेचाच्या पानाचा ठसा आहे. वाचता न येणाऱ्या पोरीला दिलेलं पुस्तक! मी बसमध्ये वाचत होतो, बडनेऱ्याचा स्टॉप हुकला.

आणि भाषा. गार्नर पहिल्यांदा शाळेत गेला तेव्हा घरची चेशरची बोली बोलला म्हणून बाईंनी त्याचं तोंड कार्बोलिक साबणाने धुतलं होतं. पुढे कॉलेजात चौदाव्या शतकातलं 'सर गावेन अँड द ग्रीन नाइट' हे काव्य समोर आलं, तेव्हा त्याला प्रश्न पडला की एवढ्या तळटिपा कशाला? शब्द घरातलेच तर आहेत! साबणाने धुतलेली भाषा सहाशे वर्षं जुनी निघाली.

मला तोंड धुवायला नाही लावलं कुणी. पण पुण्यात शिकायला आलो आणि "मी जेवून राह्यलो" म्हटलं की अख्खा वर्ग हसायचा. सहा महिन्यांत जीभ सरळ केली. आता घरी गेलो की आई म्हणते, तू टीव्हीवानी बोलतं.

निळी_शाई

माळरान, 'आउल सर्व्हिस'मधला ग्विन हेच करतो. घरकाम करणाऱ्या बाईचा वेल्श मुलगा, उच्चार 'सुधारायला' ग्रामोफोनच्या तबकड्या विकत घेतो. ज्या मुलीवर विश्वास टाकून सांगतो तिच्याकडून ते फुटतं आणि दुसरा मुलगा टिंगल करतो. मला वाटतं त्या पुस्तकातला खरा भाला तोच.

तिरफळ

मग 'स्टोन बुक' मराठीत आणाच कुणी तरी. पण कुठल्या मराठीत?

दुसऱ्या गोष्टीचं नावच बघा, 'ग्रॅनी रिअर्डन', म्हणजे आजीने वाढवलेलं पोर. प्रमाण मराठीत 'आजीकडे वाढलेला मुलगा' केलं की शाळेच्या दाखल्यावरचा शेरा वाटतो. 'आजीपोसा' चालेल का? चौथ्या गोष्टीच्या नावात गोट्यांच्या खेळातली एक आरोळी आहे. ती दिली की दुसऱ्याच्या गोट्या उचलायची मुभा. तुमच्याकडे असं काही होतं का?

माळरान

'आजीपोसा' झकास. वऱ्हाडीत करायची इच्छा आहे, पण दगडकामाचे शब्द माझ्याकडे नाहीत. छिन्नी, हातोडा, टाकी, टवका इथवर येऊन गाडी थांबते. आमच्या गावात वडारांची चार घरं आहेत. दिवाळीत गेलो की वही घेऊन त्यांच्याकडे बसणार. त्यांनी वेळ दिला तर. प्रमाण मराठीत मात्र करणार नाही, तो पुन्हा साबणच झाला.

ओली_वाट

माळरान, वही भरली की इथे टाका.

मूळ धाग्यात एक राहिलं. कॉलिन-सूझनचा तिसरा भाग 'बोनलँड' थेट २०१२ मध्ये आला, दुसऱ्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी. कॉलिन आता जॉड्रेल बँकला शास्त्रज्ञ आहे. तेराव्या वर्षाआधीचं त्याला काही आठवत नाही, आणि तो दुर्बिणीने कृत्तिकांमध्ये बहीण शोधतोय. ज्यांनी लहानपणी पहिले दोन वाचले त्यांचे केस पांढरे झाल्यावर हे आलं. आणि 'ट्रीकल वॉकर' २०२२ मध्ये बुकरच्या अंतिम यादीत होतं. निकालाचा दिवस होता १७ ऑक्टोबर, त्याचा अठ्ठ्याऐंशीवा वाढदिवस. मिळालं नाही. त्या यादीत पोचलेला सगळ्यांत वयस्कर लेखक तो.

पाचोळा

आईला फोन करून विचारलं, बोहारीण नक्की काय हाळी द्यायची. म्हणाली, हाळी कसली, ती दारात येऊन बसायचीच. आणि जरीचं पातळ कधी द्यायचं नाही तिला, जर जाळून चांदी काढतात. मग म्हणाली, "तुझ्या बाबांची ती पँट मी नाही दिली, तूच दिलीस. गाड्याच्या चाकासारख्या चकलीच्या साच्यासाठी." मला यातलं काही आठवत नाही.

खवचट_खारीक

शेवटचं लिहितो. तुमच्या नादाने 'वीअर्डस्टोन' मागवलं. काल रात्री मुलीला खाणीतला भाग वाचून दाखवला, तोच, जिथे बिळासारख्या बोगद्यात पालथं पडून सरपटायचं, हात मागे नेता येत नाहीत, आणि पुढे वळणावर पाणी भरलंय. नॉर्स नावं तिने कानाआड केली. दिवा मात्र बंद करू दिला नाही. पांघरूणसुद्धा अंगावरून काढून टाकलं, गुदमरतं म्हणून.

आज शाळेतून आल्या आल्या विचारलं, बाहेर पडतात का ते? मी म्हटलं, रात्री बघू. खरं सांगायचं तर मी दुपारी ऑफिसात पुढचं वाचून टाकलंय.